पाण्यातली कातर

तुळसाबाईचं नाक मोठं तिखट. शेजारणीच्या कढईत फोडणी पडली, तर हिंग खरंच घातलाय की नुसता नावाला दाखवलाय, हे ती आपल्या चुलीपुढं बसून सांगायची. तेव्हा त्या सकाळी न्हाणीत पाय ठेवताच तिला घासलेटाचा वास आला, यात नवल काही नव्हतं. नवल हे होतं, की न्हाणीत घासलेट आलंच कसं? कंदील ओसरीवर, बाटली चुलीमागच्या कोनाड्यात. न्हाणीत कोणी दिवाळी तर साजरी करत नव्हतं!

तिनं वाकून पाहिलं. मोरीच्या तोंडाशी सुताचा दोरा पडला होता. जळून काळा पडलेला, एक टोक तेवढं शाबूत. शेजारी माचिसच्या जळक्या काड्या.

"माय व!" तुळसाबाई होती तिथंच खाली बसली. "घरात करनी!"

दुसरी कोणी असती तर तिनं सरळ हाक मारून विचारलं असतं, की बाई, हे काय आहे? पण सरळ विचारणं तुळसाबाईच्या रक्तातच नव्हतं. तिचं म्हणणं असं, की विचारलं की माणूस खोटं बोलतो. गुपचूप पाहत राहिलं की खरं सापडतं. तिनं तो दोरा अलगद उचलून पदराच्या गाठीत बांधला, मोरीत तांब्याभर पाणी ओतलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बाहेर आली.

घरात माणसं तरी किती? नवरा पुंजाजी, मुदतीच्या तापातून नुकता उठलेला, काठीशिवाय अंगण ओलांडता येत नव्हतं त्याला. मुलगा रामराव कारंजाला एका अडत्याच्या दुकानात, तो सणावारालाच यायचा. आणि सून चतुराबाई, धनजची, वैशाखात लग्न होऊन आलेली. आता जळका दोरा न्हाणीत कोणी टाकला हे सांगायला काही ज्योतिषी नको होता.

'चतुरा नाव ठेवलं तवाच मी म्हनलं होतं,' तुळसाबाई मनाशी बोलली. खरं तर तेव्हा ती असं काहीच म्हणाली नव्हती. उलट पोरीच्या हाताला चव आहे म्हणून गावभर सांगत फिरली होती. पण ते असो.

वऱ्हाड मुंबई राज्यात जाणार म्हणून चावडीवर रोज वाद पेटायचे, त्या सालची ही गोष्ट. पुरुषांना काळजी, आपलं राज्य कोणाकडं जातं. तुळसाबाईलाही तीच, फक्त तिचं राज्य चुलीपासून गोठ्यापर्यंत होतं.

तापाचे ते दिवस तिनं कसे काढले हे तिलाच ठाऊक. पुंजाजी बरळायचा, आणि ही उशाशी बसून एकेका देवाला नवस बोलायची. आजारी माणसानं आरशात तोंड पाहू नये, पाहिलं की रोगाला घर सापडतं, असं तिची आई सांगायची. म्हणून तिनं भिंतीवरचा आरसा काढून माळ्यावर पालथा टाकला होता. ताप उतरला तरी आरसा काही उतरला नाही. सासू-सुना दोघी अदमासानं कुंकू लावत होत्या, आणि चतुराचं कुंकू जरा वाकडं दिसलं की तुळसाबाईला त्यातही काहीतरी दिसायचं.

घरात आणखी एक आरसा होता, पण तो रोजचा नव्हे. तुळसाबाईच्या माहेरची सागवानी कुंकवाची पेटी होती. तिच्या झाकणात आतून कमानीच्या घाटाचा आरसा बसवलेला. पेटी वर्षभर पुंजाजीच्या खाटेजवळच्या संदुकीत शालूत गुंडाळलेली असायची. भाद्रपदात गौरी-महालक्ष्म्या बसल्या की ती बाहेर निघायची, देवीपुढं उघडी ठेवायची, आणि त्या आरशात पाहून तुळसाबाई वर्षातून एकदा कुंकू लावायची. त्या पेटीला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. सवाष्णीच्या पेटीतला आरसा म्हणजे तिच्या नवऱ्याचं आयुष्य, असं ती मानायची, आणि मानायची म्हणजे अगदी पोटातून मानायची.

दोरा सापडल्यापासून तुळसाबाई डोळ्यात तेल घालून सुनेवर नजर ठेवू लागली. आणि एकदा नजर ठेवली की काय, दिसायचं तेही दिसतं आणि नसायचं तेही दिसतं.

पहिलं दिसलं ते भुरीबाईचं. नाल्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथली ही बाई मोळी नाहीतर डिंक विकायला यायची. घागऱ्यावर, चोळीवर, ओढणीच्या काठावर बारीक बारीक आरसे टाचलेले. ती अंगणात आली की भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचायचे. पूर्वी भुरीबाई मोळी टाकून, पाणी पिऊन निघून जायची. आता ती आणि चतुरा कुडाच्या आड उभ्या राहून कुजबुजू लागल्या.

"काय व, काय सांगून राह्यली होती ते?" तुळसाबाईनं विचारलं.

"काई नाई, आत्याबाई. लाकडं ओली हायेत म्हने."

"ओल्या लाकडाची गोष्ट कानात सांगा लागते?"

चतुरा खाली मान घालून भाकरी थापू लागली. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी होती, हळदीनं पिवळी झालेली.

"अन् बोटाले काय झालं?"

"इळा लागला."

तुळसाबाईनं विळा पाहिला. तो भिंतीला होता तसा, गंजलेला. त्यानं लोणी कापलं असतं तरी पुष्कळ होतं. डाळीत काहीतरी काळं आहे हे आता काळ्या दगडावरची रेघ झालं.

पुढच्या खेपेला भुरीबाई आली तेव्हा तुळसाबाई दारातच कमरेवर हात देऊन उभी.

"मोळी नोको आमाले. अन् आमच्या पोरीच्या कानाले लागाचं काम नाई. तुमचे मंतर-जंतर तुमच्या तांड्यात करा!"

भुरीबाईनं डोक्यावरची मोळी सावरली. "याडी, माय, मंतर येत असते तं मी कायले लाकडं वाह्यली असती व?" असं म्हणून ती चालू लागली. बोलणं बिनतोड होतं, म्हणून तुळसाबाईला आणखीच राग आला.

पण खरा घाव बसला पोळ्यानंतर. दुपारची वेळ. पुंजाजी झोपला होता. तुळसाबाई शेजारी डाळ निवडायला जाते म्हणून निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परतली. हे तिचं नेहमीचंच. घरात सून नव्हती. गोठ्याच्या दाराला आतून कडी. तिनं फळीच्या फटीला डोळा लावला.

आत अंधारात सून आणि भुरीबाई समोरासमोर बसल्या होत्या. मधे तिचं पितळी घंगाळ, काठोकाठ भरलेलं. दोघींचे हात कोपरापर्यंत पाण्यात. चतुराच्या हातात घरची कातर होती, आणि ती कातर पाण्यात उघडत होती, मिटत होती, उघडत होती, मिटत होती. कापड नाही, कागद नाही. नुसतं पाणी! आतून कर्र कर्र असा आवाज येत होता, आणि भुरीबाई ओठातल्या ओठात काही पुटपुटत होती.

 रिकामी कातर चालवू नये, घरात भांडणं लागतात, हे लहान पोराला कळतं. मग ही तर पाण्यात चालवत होती! पाणी कापलं तर काय तुटतं? नातं तुटतं, वंश तुटतो, कुंकू तुटतं. दार तोडून आत जावं असं तिला वाटलं, पण अर्ध्यात मोडलेली करणी मोडणाऱ्यावरच उलटते म्हणतात. ती भिंतीला धरून धरून घरात आली आणि पुंजाजीच्या खाटेच्या पायाशी बसून त्याचा श्वास मोजत राहिली.

"काय झालं व?" पुंजाजी डोळे उघडून म्हणाला.

"काई नाई. निजा तुमी."

"रामाची माय, तू कायले अशी पाहून राह्यली माह्याकडं?"

"निजा म्हनलं ना!"

संध्याकाळी तिनं कातर हातात घेतली. बिजागरीला ताजा गंज, आणि धार पार गेलेली. अंगणात विळा घासायचा दगड होता, त्यावरून तिनं सहज बोट फिरवलं. बोटाला काहीतरी टोचलं. तिनं बोट कंदिलापुढं धरलं, तर त्यावर बारीक पूड चकाकत होती.

काच!

आता सगळं जुळलं. दोरा, कातर, मंत्र ही नुसती वरवरची नाटकं. ही पोरगी काच वाटून राह्यली! तापातून उठलेल्या माणसाच्या ताटात चिमूटभर टाकली की झालं, कोणाला संशयही नको.  तुळसाबाईनं त्याच घटकेला सुनेच्या हातातली परात ओढून घेतली.

"आजपासून चुलीपाशी मी. तू शेन-गोठा पाह्य."

"काहून, आत्याबाई? माह्यं काई चुकलं?"

"चुकलं का नाई ते तुह्यं तुले ठाव."

पोरीचे डोळे भरून आले. तिनं पुंजाजीकडं पाहिलं. पुंजाजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि नसलेला खोकला काढला. हे तुळसाबाईनं पाहिलं, पण तिला वाटलं, बिचारा अशक्त आहे.

त्या दिवसापासून तिनं सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. पुंजाजीच्या ताटातला पहिला घास आधी दारच्या कुत्र्याला जायचा. कुत्रं तेवढं गुटगुटीत झालं. आणि शेलूबाजारच्या बाजारात धनजचा एक ओळखीचा माणूस भेटला, तेव्हा तिनं त्याच्याबरोबर चतुराच्या भावाला निरोप धाडला, 'तुमची पोरगी घेऊन जा. परत आनू नोका.' तिला आपला नवरा वाचवायचा होता. त्यापुढं सून काय चीज आहे!

महालक्ष्म्या बसायचा दिवस उजाडला. अंगणात सडा पडला, मुखवटे पुसून ठेवले. तुळसाबाईनं अंघोळ केली, संदूक उघडली, शालूची घडी उचलली. घडी हलकी लागली. तिनं शालू झटकला, संदुकीतलं सगळं बाहेर फेकलं. पेटी नव्हती.

"माही पेटी!" असा तिनं टाहो फोडला, की गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

तेवढ्यात दारात छकडा थांबला. चतुराचा भाऊ दौलतराव उतरला, पटका सावरत ओसरीवर आला, आणि वहाणा काढाव्या की नाही या विचारात उभा राहिला. तुळसाबाई म्हणाली, "बसा तथी. बरं झालं आले. आज तुमच्या देखतच दूध का दूध होईन." आणि ती आत वळली, सुनेच्या खोलीकडं.

चतुरा दाराशीच उभी होती. "आत्याबाई, गाठोडं उघडू नोका. मी देतो."

"सर बाजूले!"

गाठोड्यात लुगडी, एक चोळी, आणि तळाशी चिंधीत गुंडाळलेली पेटी. तुळसाबाईनं ती छातीशी धरली. मग झाकण उघडलं, आणि तिचे हात थांबले.

आरसा होता. अखंड होता. कमानीत नीट बसला होता, कडा जरा खडबडीत, वरचा घाट किंचित डावीकडं कललेला. पण तिच्या आरशाला वरच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग होता, कलई उडालेला. लग्नाच्या दिवशी कुंकू लावताना त्या डागावर नजर ठेवून ती रडली होती. तो डाग या आरशात नव्हता.

"हा माहा आरसा नोहे," ती हळू आवाजात म्हणाली. मग आवाज चढला. "माह्या मायचा आरसा कुठी हाये? बोल! इकला? का त्या भुरीच्या घागऱ्यावर टाचला?"

चतुरा विखुरलेली लुगडी गोळा करू लागली.

"बोल, नाईतं भावासोबत हाकलतो तुले! आत्ताच्या आत्ता!"

"हाकला," चतुरा म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण मान ताठ होती. "मी जबान देली हाये. मी नाई सांगत."

"कोनाले देली जबान?"

 मग मागं काठीचा आवाज आला. पुंजाजी भिंतीला धरून उभा होता, चेहरा चोरासारखा.

"मले," तो म्हणाला. "तिनं मले जबान देली. सोड पोरीले."

त्यानं बंडीच्या खिशातून एक फडकं काढलं आणि उलगडलं. आत आरशाचे तुकडे होते. त्यातल्या एकावर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग.

तुळसाबाईनं तो तुकडा ओळखला. तिनं भिंत धरली.

"माह्याच हातानं फुटला," पुंजाजी म्हणाला. "ताप उतरला, अन् मले वाटलं आपलं तोंड कसं झालं ते पाहावं. भित्तीवरचा तं तू माळ्यावर टाकला. माळ्यावर चढाचं बळ कुठी होतं? संदूक खाटेपाशी. पेटी काढली, हात थरथरला अन् पडली. पोरगी धावत आली. मी तिचे हात धरले. म्हनलं, माय, हे तुह्या सासूले समजलं तं ते जीव देईन."

"अशुभ..." तुळसाबाई पुटपुटली. "तुमच्या जिवावर..."

"नागपंचमीले फुटला व! महिना झाला. मी मेलो का? दोन-दोन भाकरी खाऊन राह्यलो! अन् तवाच तुले सांगतलं असतं, तं तू महिनाभर मले जित्तेपनीच मेलेला पाह्यलं असतं."

तुळसाबाई खाली बसली. मग तिनं रोज लुगडं बदलताना न विसरता बांधलेली पदराची गाठ सोडली आणि तो जळका दोरा सुनेपुढं धरला.

"अन् हे?"

"बाटली कापाची तं दोरा घासलेटात भिजवून गुंडायतेत, पेटवतेत, अन् बाटली थंड्या पान्यात टाकतेत. तडकन् कापते," चतुरा म्हणाली. "माहा बाप तशी कापे. म्हनून मी आरशाले बी तसंच केलं. तं कलई जळून गेली अन् मधातूनच तडकला."

"कोनता आरसा?"

"माहा. मायनं लग्नात देल्ला, गाठोड्यात जपून ठेवलेला तो."

पुंजाजीनं मान खाली घातली. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मंग भुरीबाईले इचारलं. तिनं आपल्या पोरीच्या घागऱ्यासाठी ठेवलेला मोठा तुकडा देल्ला. गारगोटीनं चरा पाडून सिधी काच तुटते, पन कमान नाई जमत. कमान पान्यात कातरीनं कापा लागते, बारीक बारीक, कुरतडल्यावानी. ते म्हने, पान्याभाईर काच रागावते, पान्यात आयकते. लय वेळा फुटली. मंग कडा दगडावर घासल्या. आज बसवली. तुमी आंघोळीले गेल्या तवा ठेवनार होतो, तं कमान बसवता बसवताच तुमी भाईर आल्या."

तिनं हात पुढं केले. एक बोट नव्हे, उजव्या हाताच्या पाचांपैकी चार बोटांना हळदीच्या चिंध्या होत्या. तुळसाबाई इतके दिवस डोळ्यात तेल घालून पाहत होती, आणि हे तिला दिसलं नव्हतं. साप साप म्हणून तिनं नुसती भुई धोपटली होती, आणि भुई कोणाची, तर आपल्याच घरची. तिला रडू आलं. ते तिनं पदरात धरलं, कारण ओसरीवर दौलतराव खाकरत होता.

तो बाहेरून म्हणाला, "आत्याबाई, काय झालं ते सांगा. पोरगी घेऊन जा असा निरोप आला. आमच्या पोरीनं काय गुन्हा केला?"

तुळसाबाई ओसरीवर गेली. तिनं पाय धुवायला पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. आणि म्हणाली, "गुन्हा कायचा? आज महालक्ष्म्या. तुमाले जेवाले बलावलं."

"परत आनू नोका, असं बी म्हने निरोप्या." दौलतरावचा आवाज कोरडा होता. "घासभर भाकरीसाठी असा निरोप कोन धाडते?"

तुळसाबाईनं मागं पाहिलं. दारात चतुरा उभी होती. आता सगळं तिच्या जिभेवर होतं. एक शब्द, आणि छकडा धनजच्या वाटेला लागला असता, वर गावभर सासूची शोभा झाली असती ती वेगळीच. चतुरानं घाई केली नाही. सासूला तिनं पुरतं उभं ठेवलं. एवढा हक्क तर तिचा होताच.

मग ती म्हणाली, "दादा, तुमी आले नसते सनाले. मले लय याद येत होती. म्हनून आत्याबाईनं जरा कडकच निरोप धाडला. वहाना काढा अन् पाय धुवा."

दौलतराव एकदा बहिणीकडं, एकदा तुळसाबाईकडं पाहत राहिला. त्याचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही. पण त्यानं वहाणा काढल्या.

"चूल पेटव व," तुळसाबाई सुनेला म्हणाली. आवाज नेहमीसारखाच करडा काढायचा तिचा विचार होता, तो काही जमला नाही. "भाजी-भाकरीचा निवद हाये. अन् एक ताट जास्तीचं काढ. भुरीबाईले मी सोता नेऊन देतो."

संध्याकाळी रामराव मोटरनं आला. देवीपुढं पेटी उघडी ठेवली होती. तुळसाबाईनं त्या वाकड्या कमानीत पाहून कुंकू लावलं, मग करंडा सुनेपुढं सरकवला आणि पेटी धरून बसली, चतुराला नीट दिसावं म्हणून. पंगत बसली. चतुरानं अंबाडीची भाजी वाढली. दारचं कुत्रं सवयीनं तुळसाबाईच्या ताटाकडं पाहत शेपूट हलवत होतं. तिनं त्याला हड् केलं आणि सगळ्यांच्या देखत पहिला घास आपल्या तोंडात घातला.

भाजीत मीठ नव्हतं.  तिनं आणखी भाजी मागून घेतली.